ओटी भरून पाठवणी

राजश्री औताडेचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे अख्ख्या शेंद्रा गावाला ठाऊक होतं. शहरातल्या गुलमंडी बाजाराला ते ठाऊक नव्हतं. नाहीतर त्या दिवशी साडीच्या दुकानात तो माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर इतका निवांत बसला नसता.

श्रावण चालू होता. घडीत ऊन, घडीत भुरभुर... दुकानाच्या पायऱ्यांवर ओल्या चपलांचा ढीग साचला होता. गादीवर हिरव्या साड्या पसरलेल्या होत्या — पोपटी, शेवाळी, मोरपंखी — आणि राजश्री अर्ध्या तासापासून एकही ठरवू शकत नव्हती. दुकानाचे शेठ फोन घ्यायला आत गेले, तशी ती वळली.

"अहो, जरा सांगता का? ही बरी का ही?"

त्यानं मांडीवरच्या रजिस्टरमधून मान वर केली. चष्म्यावर पावसाचे चार थेंब तसेच होते. पुसायचंही सुचलेलं नव्हतं त्याला.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी नाही."

"तुमच्यासाठी असती तर मी ही म्हणालो असतो." त्यानं मोरपंखीवर बोट ठेवलं. "पण तुमच्यासाठी नाही म्हणता, तर मग... कोणतीही घ्या."

राजश्रीला हसू आलं. आणि एकदा हसू आलं की तिच्या तोंडाला कुलूप राहत नसे. तिनं सगळं सांगून टाकलं. शेंद्र्याला आमचा छोटा कारखाना आहे, कंपन्यांतल्या कामगारांचे सुती हातमोजे शिवतो आम्ही. चौदा बाया आहेत. कुणाला सातवा लागला की कारखान्यातच तिची ओटी भरतो! फुलांची वाडी, हिरवा चुडा, पुरणावरणाचं जेवण, फोटो... अप्पांनी पाडलेली पद्धत आहे. येत्या शुक्रवारी आमच्या आशाबाईची आहे.

"छान," तो म्हणाला. "आणि ओटी भरल्यावर?"

"मग काय, घरी. आराम."

"परत कामावर कधी येते बाई?"

"परत... म्हणजे तसं काही ठरलेलं नसतं. तिच्या मशीनवर दुसरी बसते ना. मशीन रिकामी ठेवून कसं चालेल?"

त्यानं रजिस्टर मिटलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.

"म्हणजे तुम्ही पोटुशा बाईला कामावरून काढता," तो शांतपणे म्हणाला, "आणि काढताना तिची ओटी भरता."

झालं! राजश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय म्हणालात? काढतो? आम्ही? अहो, माहेर करतो आम्ही तिचं! लाज नाही वाटत बोलायला?"

"वाटली असती. पण कायद्यात याला माहेर म्हणत नाहीत. बाळंतपणाच्या कारणानं बाईला कामावरून कमी करणं गुन्हा आहे. साडी कितीही चांगली घेतली तरी."

"तुम्ही कोण मला सांगणारे?"

तेवढ्यात शेठ बाहेर आले आणि हसायला लागले. "अरे ताई, ये अपने वकीलसाब हैं. अंबादास शिंगाडे. लहान दुकानदार, कारखानदार — ज्यांना कामगारांचे कायदे कळत नाहीत ना, त्यांना समजावून सांगतात. मीच बोलावलं, हजेरीचं रजिस्टर बघायला."

"अंबादास!" राजश्री फणकारली. "नाव आजोबांचं, आणि बोलणंही आजोबांचंच."

"नाव आजोबांचंच आहे," तो हसला. "बोलणं माझं."

तिनं मोरपंखी साडी उचलली, पैसे दिले, पायऱ्या उतरली. चार पावलं गेली आणि तरातरा परत वर आली.

"बुधवारी या शेंद्र्याला. आमच्या बाया किती सुखात आहेत ते डोळ्यांनी बघा. आणि मग माफी मागा — सगळ्यांसमोर!"

"आणि माफी मागायची वेळच नाही आली तर?"

"तर मी मागीन. लिहून घ्या नंबर."

त्यानं लिहून घेतला. परतीच्या वाटेवर चिकलठाणा मागं पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की रागाच्या भरात आपण कारखान्याचा नाही, स्वतःचा नंबर दिला. तिनं स्कूटीवरच कपाळाला हात लावला.

बुधवारी तो आला. जुनाट स्कूटर, पँटच्या पायांवर चिखल, काखेत फाईल. बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. "ताई, पाव्हणं आलं," सारजाबाई म्हणाली. ती सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत आगाऊ. "पाव्हणे नाहीत ते, वकील आहेत," राजश्री म्हणाली, आणि उगाच पदर सारखा केला.

अप्पा, म्हणजे राजश्रीचे वडील काकासाहेब औताडे, त्या दिवशी सिल्लोडला गेले होते. माणूस वाईट नव्हता हो. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकून त्यांनी हा कारखाना उभा केला. उन्हाळ्यात बायांसाठी टरबुजं आणायचे. कुणाचं लेकरू आजारी पडलं तर जीपमध्ये घालून स्वतः दवाखान्यात न्यायचे. "माझ्या घरच्याच पोरी ह्या," असं येईल त्याला सांगायचे. घरच्याच पोरी, म्हणून कुणालाही नेमणुकीचा कागद नव्हता. घरच्या माणसाला कुणी कागद देतं का!

आशाबाई खिडकीजवळच्या मशीनवर होती. सहा महिने भरून वर दिवस गेलेले, तरी अंगठ्याची शिवण तिच्यासारखी कुणाची नव्हती. अंगठा हीच हातमोज्यातली अवघड जागा. वकिलानं एक हातमोजा उचलला, घालून बघितला, बोटं हलवली.

"बरोबर बसतो," तो म्हणाला.

"बसणारच की," आशाबाई लाजून म्हणाली. "तीन वर्सं झाली शिवतेय."

मग त्यानं हजेरीचं रजिस्टर मागितलं आणि पान उलटलं. बाया चौदा आणि नावं नऊ.

"बाकीच्या पाच?"

राजश्रीचा आवाज जरा खाली आला. "ते... अप्पा म्हणतात, दहा झाल्या की कायदे मागं लागतात."

"कायदा मशीनवर बसलेली माणसं मोजतो, मॅडम. रजिस्टरमधली नाही. आशाबाईंचं नाव कुठाय?"

नव्हतं. तीन वर्षं शिवतेय, आणि नाव नव्हतं.

"कारखान्याचे मालक कोण?"

"अप्पा."

"कागदावर?"

"कागदावर मी आहे. महिला उद्योजकांच्या योजनेतून मशिनी घेतल्या ना, म्हणून अप्पांनी माझं नाव लावलं. नुसतं नाव हो."

तो तिच्याकडं वळला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे नोटीस आली तर काकासाहेबांच्या नावानं नाही येणार. राजश्री काकासाहेब औताडे या नावानं येईल."

आपलं पुरं नाव त्याच्या तोंडून ऐकून तिनं रजिस्टर खाडकन मिटलं. राग होता तो. दुसरं काय असणार? राग असतानासुद्धा त्यानं ते नाव पुन्हा एकदा घ्यावं असं मात्र वाटलं, आणि त्याचा तिला आणखीच राग आला.

"बरं, ते राहू द्या," ती म्हणाली आणि त्याला भिंतीपाशी घेऊन गेली. तिथं सहा फोटो होते. सहाजणी, हिरव्या साड्या, फुलांच्या मुंडावळ्या. "हे बघा. दिसतंय का कुणाच्या तोंडावर दुःख?"

"आता कुठं आहेत ह्या?"

पाचजणींचं तिला खरंच ठाऊक नव्हतं. एकीचं होतं. "सरूबाई इथंच आहे, गावात. चला, तिलाच विचारा. ती सांगील तुम्हाला चांगलं!"

गावाकडं जायची पायवाट मक्याच्या दोन शेतांमधून होती. चिखल पायाला चिकटत होता, मक्याच्या पात्यांवरून पाणी अंगावर सांडत होतं. एका ओघळाशी त्यानं हात पुढं केला.

"नको. मला सवय आहे," ती म्हणाली आणि दुसऱ्याच पावलाला घसरली. त्यानं मनगट धरलं. धरलेलं मनगट ओघळ ओलांडून झाल्यावरही तसंच होतं.

"सोडा आता."

"सोडतो. तुम्हाला सवय आहे, विसरलोच."

सरूबाई नुकतीच निंदणीवरून आली होती. हातपाय धुतलेले, कमरेवर तीन वर्षांचं लेकरू. राजश्रीला बघून गडबडीनं तिनं गोणपाट अंथरलं.

"सरूबाई, हे वकील आहेत. यांना सांग बरं, कारखान्यात तुझी ओटी भरली तेव्हा किती आनंद झाला होता तुला."

सरूबाईनं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "खरं सांगू का ताई? राग नका धरू."

"सांग ना."

"लई रडले व्हते म्या त्या दिशी. तुमाला वाटलं हरखून रडती. तुमी फोटू काढला."

राजश्रीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. उतरवायचं कसं ते तिला कळेना.

"मंग लेकरू तीन महिन्यांचं झाल्यावर आले व्हते की कामावर. काकासाहेबांनी च्या पाजला, लेकराच्या हातात खाऊ दिला, म्हणले, पोरी, आता लेकराकडं बघ, कामाचं बघू मागून. दोनदा आले. तिसऱ्यांदा दारातून बघितलं तर माझ्या मशीनवर नवी पोर. माघारी फिरले." सरूबाईनं लेकराचं नाक पुसलं. "शिव्या देणाऱ्याशी भांडता येतंय ताई. खाऊ देणाऱ्याशी कसं भांडावं?"

"पण... मी कशी नाही भेटले तुला?"

"भेटलाव की. तुमीच तर म्हणलाव, किती गोड लेकरू!"

परत येताना राजश्री चिखलातून झपाझपा पुढं चालत होती. मक्याचं शेत संपलं तशी ती एकदम थांबली आणि त्याच्यावरच तडकली.

"तुम्हाला हे आधीच माहीत होतं!"

"नाही. मला फक्त कायदा माहीत होता. सरूबाई आज पहिल्यांदा भेटली."

"केसानं गळा कापतो आम्ही! आणि वर फोटो काढतो! सहाजणी... आणि मी, मी त्यांच्या केसांत फुलं माळली या हातांनी!" तिचे डोळे भरून आले होते, पण रडली असती तर ती राजश्री कसली. "बोला आता. काय करायचं? आशाबाईची जागा तिच्याकडं कशी ठेवायची ते सांगा. मला बाकी काही ऐकायचं नाही."

"सांगतो," तो म्हणाला. "पण तुमच्या अप्पांना ते आवडणार नाही."

"मला तरी कुठं आवडताय तुम्ही?"

"थोडासुद्धा नाही?"

"...चला आता. पाऊस येतोय."

पाऊसबिऊस काही येत नव्हता. चांगलं ऊन पडलं होतं.

गुरुवारी दिवसभर दोघं शेडमधल्या लाकडी टेबलाशी बसले. अप्पा ओटीच्या बाजाराला शहरात गेलेले होते, हे एक बरं होतं. तो सांगत होता, ती लिहीत होती. चौदाजणींची नावं रजिस्टरमध्ये. चौदाजणींना नेमणूकपत्र — नाव, काम, कधीपासून, पगार, सुट्टी. आशाबाईला वेगळं पत्र. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, कामावर परत यायची तारीख, आणि तिची जागा तोवर तिचीच.

"लिहा, श्रीमती आशाबाई..."

राजश्रीनं लिहिलं आणि पेन थांबलं. पुढं काय? नवऱ्याचं नाव काय? आडनाव काय? तीन वर्षं रोज चटणी-भाकर शेजारी बसून खाल्ली होती. घरचीच पोर! ती उठली, खिडकीपाशी गेली आणि मान खाली घालून विचारलं.

"आशाबाई बद्रीनाथ गाडेकर," आशाबाई म्हणाली. "कामून वो ताई?"

"काही नाही," राजश्री म्हणाली. परत येऊन तिनं ते नाव इतकं दाबून लिहिलं की कागद फाटायचा राहिला.

"सगळा राग पेनावर काढू नका," अंबादास म्हणाला. "उद्यासाठी ठेवा थोडा."

"माझ्याकडं भरपूर असतो."

"ते बघितलंय मी गुलमंडीत. तेव्हापासूनच तर..."

"तेव्हापासून काय?"

"तेव्हापासून नीट झोप नाही. लिहा पुढं. तारीख."

तिनं तारीख लिहिली. चुकली. खोडून परत लिहिली.

शुक्रवारी शेडला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. आशाबाई मोरपंखी साडीत पाटावर बसली होती, फुलांनी लगडलेली. सगळ्या बायांनी खणा-नारळानं ओटी भरली. काकासाहेब कौतुकानं बघत होते. आता ताई काय देते म्हणून सगळे थांबले. राजश्रीनं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. सव्वीस आठवडे रजा, पगार चालू. चौदा फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता कामावर हजर व्हायचं. मशीन तीच.

सारजाबाईच्या हातातलं ओवाळणीचं ताट तिरकं झालं.

"हे काय गं?" काकासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. "घरच्या पोरीला नोटिसा वाचून दाखवतीस? सणाच्या दिवशी? कोण शिकवलं तुला?" मग दाराशी उभा असलेला अंबादास त्यांना दिसला. शिंगाडे नावाचा कुणी धनगराचा वकील कारखान्यात येतो, हे गावातून त्यांच्या कानावर आलंच होतं. "आलं ध्यानात! मेंढरं राखणाऱ्यांची पोरं आता मला माणसं सांभाळायला शिकवणार व्हय? नीघ म्हणावं त्याला माझ्या कारखान्यातनं!"

अंबादासचा चेहरा पडला. पण तो बोलला नाही. बोलायला राजश्री होती ना.

"अप्पा, खबरदार त्यांना काही बोललात तर! मेंढरं राखणारा माणूस गाभण मेंढी कळपाबाहेर हाकलतो का हो? आपण हाकलतो. वाजतगाजत हाकलतो! सरूबाईला चहा पाजून दारातून परत लावलंत तुम्ही, आणि मी बावळट, तिच्या लेकराचे गालगुच्चे घेत बसले!"

"मी कुणाचं वाईट केलं गं? पोरींवर जीव लावला मी!"

"लावला ना! मग ती मशीन का नाही ठेवली त्यांच्यासाठी? जीव लावायचा आणि जागा काढून घ्यायची, ही कुठली रीत? हा कारखाना माझ्या नावावर आहे. सही माझी आहे. आशाबाईच्या मशीनवर कुणी बसणार नाही, म्हणजे नाही!"

काकासाहेब कुणाकडंही न बघता तरातरा निघून गेले. जीपचं दार आपटल्याचा आवाज आला. सारजाबाईनं विचारलं, "ताई, हा कागद खरा का? का वाचून झाल्यावर माघारी घ्याल?"

"खरा आहे. तुम्हा सगळ्यांचे आहेत."

आशाबाईनं ओटीतला नारळ बाजूला ठेवला, तांदूळ सांडू न देता, आणि पत्र दोन्ही हातांत धरलं. तिला वाचता येत होतं. ती सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचत राहिली.

बाहेर अंबादास स्कूटर पुसत होता. दोनदा पुसून झाली होती.

"राजश्री," तो म्हणाला. आज मॅडम नव्हतं. "मला एक विचारायचं होतं. कायद्यातलं नाही."

तिला कळलं. कुणाला नसतं कळलं! तरी ती म्हणाली, "आज नको."

"का?"

"आज मी रागात आहे. आणि कागद काय हो, कुणीही लिहील. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. आशाबाई परत येऊन त्या मशीनवर बसली ना, की मग विचारा. तोवर माझ्याच शब्दावर माझा भरवसा नाही... तुम्ही कशाला ठेवता?"

"सव्वीस आठवडे?"

"कायद्यातच आहे ना तुमच्या!"

"ते बाळंतिणीसाठी आहे हो," तो कळवळून म्हणाला. "वकिलासाठी नाही!"

ती खळखळून हसली आणि आत पळाली.

ते सव्वीस आठवडे सोपे नव्हते. काकासाहेब दोन महिने लेकीशी बोलले नाहीत. दसऱ्यानंतर मोठी मागणी आली, तसे ते एका नव्या पोरीला घेऊन आले आणि थेट खिडकीजवळच्या मशीनकडं निघाले. राजश्रीनं मशीनसमोर खुर्ची टाकली आणि स्वतः बसली. अंगठे शिवायला शिकली. पहिले चाळीस हातमोजे कुणाच्याच हातात जाईनात, पण उठली नाही. अप्पांनी कपाळाला हात लावला आणि नव्या पोरीसाठी पंधरावी मशीन आणली.

अंबादास दर शनिवारी रजिस्टर बघायला यायचा. रजिस्टर बघायला पाच मिनिटं लागत. तो दोन तास थांबायचा. "आज एकविसावा आठवडा," चहा घेताना म्हणायचा. "बाविसावा," पुढच्या शनिवारी. बाकी काही विचारत नसे. शब्दाचा पक्का होता, आणि त्याच्या त्या पक्केपणाचाही राजश्रीला अधूनमधून संताप यायचा. एखाद्यानं जरा तरी उतावळं व्हावं की नाही!

चौदा फेब्रुवारी उजाडला. हरभऱ्याचे घाटे भरले होते, हवेत अजून गारवा होता. नऊ वाजता सगळ्या मशिनी सुरू झाल्या. एक सोडून.

साडेनऊ. दहा. अंबादास फाटकाशी येऊन उभा राहिला, नवा शर्ट घालून. काकासाहेब खुर्चीत बसले होते. साडेदहाला ते म्हणाले, "आली का तुझी आशाबाई? मी सांगत होतो. लेकरू झालं की बाई येत नसती."

राजश्री चिडली. अप्पांवर, घड्याळावर आणि आशाबाईवर तर सगळ्यांत जास्त. एवढं भांडून, एवढं सगळं करून... तिनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आशाबाई, कुठंयस तू?"

पलीकडून रडका आवाज आला. "ताई, तयार बसलेय म्या सकाळपासून. डबा पण भरलाय. सासू सोडंना. म्हणती, त्यांनी ओटी भरून, मानानं पाठवणी केली तुझी. आता न्यायला मुऱ्हाळी आल्याबिगर आपल्या पायानं कशी जातीस? लोक काय म्हणतील? ताई, म्या काय करू?"

मशिनी एकेक करून थांबल्या. अंबादास फाटकातून आत आला होता. त्याच्याकडं यावर कलम नव्हतं. लेक सासरहून न्यायची तर माहेरचं माणूस न्यायला जातं, हे सगळ्यांना ठाऊक. माहेर कुणी केलं होतं तिचं?

राजश्री अप्पांकडं वळली. तिला खूप बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण अप्पांचा चेहरा बघून ती पहिल्यांदाच गप्प राहिली.

काकासाहेब उठले. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर बसवली.

"सारजा, त्या डब्यातला गूळ दे. रिकाम्या हातानं जाऊ नये लेकीच्या सासरी." दाराशी थांबून लेकीवर ओरडले, "बघत काय उभी राहिलीस? घरची पोर म्हणलो होतो ना मी? मग न्यायला काय तुझा वकील जाईल?"

जीप धुरळा उडवत गेली. राजश्रीनं डोळे पुसले. अंबादास शेजारी उभा होता, पण दोघंही रस्त्याकडंच बघत होते.

पाऊण तासानं जीप आली. पुढं काकासाहेब, मागं आशाबाई, तिच्या मांडीवर काळ्याभोर जावळाचं लेकरू. काकासाहेब उतरले ते थेट अंबादाससमोर आले.

"वकील, लेकराच्या पाळण्याचं काय म्हणतंय कायद्यात?"

"पन्नास माणसं असली तर पाळणाघर ठेवावं लागतं, काकासाहेब. आपल्याला लागू नाही."

"लागू नाही म्हणून लेकरू भुईवर निजवायचं? धर ते टोक!"

दोघांनी मिळून आढ्याला दोर टाकला, धोतराची झोळी बांधली. लेकरू झोळीत निजलं. आशाबाईनं मशीनवरचं कापड काढलं, सुईत दोरा ओवला, दोन्ही हात मशीनला लावून नमस्कार केला आणि पायडल दाबलं. खडखड सुरू झाली. राजश्री ऐकत उभी राहिली. छातीवरचा धोंडा उतरला होता तिच्या.

"विचारा आता," ती म्हणाली.

"इथं?" अंबादास घाबरला. "एवढ्या बायांसमोर?"

"सव्वीस आठवडे थांबलात ना? आता कुठं चाललाय पळून?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, लावला. मशिनींच्या आवाजात वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला. काय ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"हो!" राजश्री म्हणाली. तिचं बोलणं कधी हळू असायचं नाही, ते आजही नव्हतं. लेकरू दचकून उठलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं. आशाबाईचा पाय थांबला. पंधराही मशिनी थांबल्या.

"कोण ओरडलं गं?" झोळीचा दोर धरून काकासाहेब खेकसले. "निजलेलं लेकरू उठवलं!"

"मी, अप्पा. हो म्हणाले."

"कशाला हो म्हणालीस?"

अंबादासनं डोळे मिटून घेतले. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला. आणि राजश्रीनं सांगितलं — नीट, शब्द न गाळता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.